फणसाचा भाव

शाल्मलीने फणसावर हात ठेवताच पाटीवरचा भाव आवाक्याबाहेर गेला. दुकानं आता गिऱ्हाइकाची नाडी वाचत. जितकी ओढ, तितका भाव. उद्या तिच्या वडिलांचं, अण्णांचं तेरावं होतं आणि पानात त्यांच्या आवडीची फणसाची भाजी हवी होती.

अण्णा कायम शेजारच्या इंदूताईंना फणस आणायला धाडत. इंदूताईंना त्याचा वासही सोसत नसे, म्हणून त्यांना तो स्वस्त पडे.

“हो बाजूला,” सोबत आलेल्या इंदूताई आजही म्हणाल्या. “मला मेल्या फणसाचं काय कौतुक!”

त्यांनी हात ठेवला. आकडा शाल्मलीच्या भावापेक्षाही वर चढला.

“मशीन बिघडलंय,” त्या खाली बघत म्हणाल्या.

“हो,” शाल्मली म्हणाली.

मग दोघींनी मिळून परवडला तेवढाच फणस कापून घेतला.