सोमीबाईच्या अंगणातला खांब

"हाच का तो?" प्रोफेसर सहस्रबुद्ध्यांनी बैलगाडीतून उतरता उतरता विचारलं.

"हाच, साहेब," इसहाक म्हणाला.

पाड्याच्या अगदी कडेच्या अंगणात पुरुषभर उंचीचा सागवानी खांब उभा होता. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. घोड्याची वळवलेली मान पाहून प्रोफेसरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. विद्यापीठाच्या शहरात महिन्याभरात नवं संग्रहालय उघडायचं होतं, आणि मधल्या दालनातली मानाची जागा अजून रिकामी होती.

इसहाक त्या संग्रहालयाचा शिपाई. सहा वर्षांपूर्वी मिशनच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला, तेव्हापासून तिथंच. बोलणं कमी, काम चोख. खांडबाऱ्याकडे कधीकाळी असा एक खांब पाहिल्याचं त्यानंच सांगितलं होतं आणि वर्षभरात चारदा आठवणही करून दिली होती. शिपायाला कलेची एवढी आच, याचं प्रोफेसरांना भारी कौतुक वाटे.

शिवेच्या दगडापाशी इसहाक थांबला. "मी इथंच बरा, साहेब. तुम्ही जा."

दिवाल्या कारभाऱ्यानं प्रोफेसरांना खाटेवर बसवलं. पाणी आलं. गाडीवान मगनला मिळालं, बैलांनाही मिळालं. इसहाकला कोणी विचारलं नाही. कोणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका बाईनं तर तिकडे निघालेल्या पोरांना दंडाला धरून घरात नेलं.

'ख्रिस्ती माणसाचा विटाळ मानतात,' प्रोफेसरांनी वहीत लिहिलं. पलीकडच्या पाड्यावर चार ख्रिस्ती घरं होती आणि त्यांच्याशी या लोकांचं जेवणखाण चालत होतं, हे मगनला ठाऊक होतं. पण मगनला विचारतो कोण?

खांबाची हकिकत कारभाऱ्यानं बाजारातल्या अहिराणीत सांगितली. मोठ्या लढाईत सरकारनं मजूर नेले, त्यात इथला एक गेला. आगबोट बुडाली. सरकारचा कागद आला, गावानं दिवस घातले, खांब रोवला. याला आता तेरा वर्षं झाली. मागे राहिली ती बायको, सोमीबाई. तिला दोन चांगली स्थळं आली होती. रिवाजात बसत असूनही तिनं दुसरं घर केलं नाही.

"खांब संग्रहालयासाठी न्यायचा आहे," प्रोफेसर म्हणाले. "चालेल ना?"

"खांब गाडा म्हंजे मानूस सरना," दिवाल्या म्हणाला. "उपटा तर गाव खोटं पडस. पन दिवसनं जेवन तिनी दिधं, खांब तिना. तिलेच इचारा."

सोमीबाई दारातच उभी होती. चाळिशीची, काटक. हातात बांगड्या होत्या. प्रोफेसरांनी त्याही वहीत टिपल्या; इकडची रीत वेगळी असावी, असा शेरा मारला. शेरे त्यांना पटकन सुचत.

"बाई, या खांबाचे काय द्यायचे?"

"काई नको. लई जा." "तेरा वरीसपाईन मन्हा आंगणमा मरन उभं शे. ते काढा. आजच काढा."

प्रोफेसरांना गलबलून आलं. पुस्तकात दुःखाबद्दल पुष्कळ वाचलं होतं, पण असं समोर उभं राहून बोलणारं दुःख त्यांनी पाहिलं नव्हतं.

"सोमी, इचार कर," दिवाल्या जमिनीकडे बघत म्हणाला. "मंग गावले बोल लावजो नको."

"नई लावाव."

पहार मागवण्याआधी प्रोफेसरांनी वही पुढं ओढली. त्यांचा एक नेम होता. दुसऱ्या संग्रहालयांत 'लाकडी खांब, खानदेश' एवढीच पाटी लावून मोकळे होतात, तसं त्यांना चालत नसे. हा खांब कुणा माणसाचा आहे. त्या माणसाचं नाव पाटीवर नसेल, तर वस्तू आणणं आणि चोरणं यात फरक काय? नाव नाही तर वस्तू नाही, हे त्यांनी संग्रहालयाच्या नियमांतच घालून घेतलं होतं.

"कारभारी, नाव सांगा. याचं."

दिवाल्यानं मान हलवली. "मरेल मानूसनं नाव गाव लेत नई."

जमलेल्यांपैकी कुणी विडी पेटवली, कुणी आभाळाकडे पाहिलं. प्रोफेसर सोमीबाईकडे वळले आणि ओशाळले. नवऱ्याचं नाव बायकोला कसं विचारायचं? ते तर त्यांच्या घरीही चालत नव्हतं.

"घरात दुसरं कोणी आहे? सासू, दीर?"

"कोनी नई."

प्रोफेसरांनी वही मिटली. घोड्याच्या त्या मानेकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग जड मनानं ते उठले.

"क्षमा करा, बाई. नावाशिवाय मला नेता येणार नाही. मगन, बैल जुंप."

दिवाल्यानं सुस्कारा टाकला. मगन जू उचलायला गेला. सोमीबाई दारातून धावत आली आणि प्रोफेसरांच्या वाटेत आडवी उभी राहिली. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदाच तिनं पदर कपाळाखाली ओढून घेतला होता.

"थांबा. नाव भेटनं तर खांब लई जाशात ना? आजच?"

"आजच. पण सांगणार कोण?"

"मी मन्हा धनीनं नाव कसं लेऊ, साहेब? त्या तठे शीवना बाहेर बठेल शेतस, त्यासलेच इचारा."