मागची पुटपुट

अंध संगणक वापरणाऱ्यांच्या गटावर आता स्पॅमही सभासदांच्याच आवाजाची नक्कल करून, आवाजी निरोपातून यायचा. गट सांभाळणाऱ्या वसुधाताई स्वतः अंध. त्या तो एकाच खुणेवर पकडायच्या. खऱ्या माणसाच्या बोलण्यामागे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा त्याचा स्क्रीन रीडर भरभर पुटपुटत असतो. स्पॅममागे मात्र शुकशुकाट.

सकाळी जळगावच्या दमयंतीचा निरोप आला. "ताई, मी खरीच आहे हो. मागच्या वेळेसारखं चुकून गटातून काढू नका ना."

मागे पुटपुट होती. वसुधाताईंना हायसं वाटलं. तरी खात्रीसाठी त्यांनी निरोपाचा वेग उतरवला आणि पुटपुटीकडे कान दिला. तिचे शब्द आता सुटे ऐकू आले.

"वसुधा. पुटपुटीवरून माणूस ओळखते. आता वेग उतरवून ऐकते आहे."

वसुधाताईंचा हात कळफलकावरच थबकला.

"थबकली," मागचा आवाज म्हणाला.