न जोडलेला माईक

पाखरांचे आवाज ओळखणारं ते फुकटातलं सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतल्या संगणकावर काही केल्या इन्स्टॉल होईना. एक भाग बसवावा, तर दुसरा रुसायचा. शेवटी संशोधक बाईंनी ते कंटेनरमध्ये टाकलं. कंटेनर म्हणजे बंद डबाच. बाहेरचं आत जात नाही आणि पुसला की आतलं काही उरत नाही.

सुट्टीची दुपार होती, सगळा मजला रिकामा. बाईंना यंत्रांशी बोलायची सवय होती. घरी तरी बोलायला कोण होतं?

"चल, ऊठ बाळा," म्हणत त्यांनी कळ दाबली. आई होती तोवर त्यांना अशीच उठवायची.

पडद्यावरची आवाज दाखवणारी सरळ रेघ उसळली. तीन शब्दांचे तीन उंचवटे.

माईक तर जोडलेलाच नव्हता.

"मागचं काहीतरी राहिलं असेल," असं पुटपुटत त्यांनी कंटेनर पुसला आणि नवा बांधला. या खेपेला ओठ घट्ट मिटून कळ दाबली.

रेघ बराच वेळ निपचित पडून होती. मग तेच तीन उंचवटे आले. शेवटचा मात्र लांबला, आई लांबवायची तसा.

बाईंनी खुर्चीचे हात गच्च धरले. तरीही त्या उठल्याच.