चेहरा जुळत नाही

बाबांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी विनीत पार्सलं पोचवायला निघाला. काम सुरू करण्याआधी ॲपने नेहमीसारखा चेहरा मागितला. डोक्याचा गोटा, मिशी साफ. ॲप म्हणालं, "चेहरा जुळत नाही. आयडी बंद."

"अरे भाई, कॅम्प पाचच्या बाजारात विग मिळतो, लाव आणि काढ फोटो," बरोबर पार्सलं पोचवणाऱ्या हरेशने त्याची खेचली. पण विनीतकडे बघून लगेच म्हणाला, "तक्रार टाक."

तक्रार ऐकायला माणूस नव्हताच. चॅटवर उत्तर आलं, "नवे फोटो पाठवा." विनीतने उजेडात, सावलीत, टोपी घालून, टोपी काढून दहा सेल्फी काढून पाठवले. दहाही नापास.

कुळगावच्या घरी आई म्हणाली, "केस यायला दोन महिने जातील रे. तोवर खायचं काय?"

 ते नापास फोटो पुसून टाकावेत म्हणून विनीतने गॅलरी उघडली.



फोनने चेहरा ओळखून दहाही सेल्फी 'बाबा' नावाच्या अल्बममध्ये लावून ठेवले होते.