तहानेचा सूर

माझी भाची कलाकार. पानांना क्लिपा लावून झाडातल्या विजेच्या लहरींचे सूर करायचे, हा तिचा उद्योग. झाड तहानलं की सूर खाली उतरे. मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून प्रदर्शनासाठीचं झाड तिने माझ्या भरवशावर सोडलं.

ती महिनाभर परगावी गेली. मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो आणि झाड वाळून गेलं. हे तिला सांगायला जीभ रेटेना. प्रदर्शनाच्या सकाळी मी रोपवाटिकेतून हुबेहूब तसंच झाड आणलं आणि जुन्या कुंडीत लावलं.

तिने बटण दाबलं. ओळखीचा सूर आला.

"सगळं श्रेय मामाचं. त्याच्या हातालाच गुण आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फरशीकडे बघत राहिलो.

मग सूर उतरू लागला.

"तहान लागली वाटतं," ती हसली. "घाल ना पाणी, मामा. भाचीला कधी पाणी विचारलं नाहीस, निदान त्याला तरी विचार."

मी झारीने पाणी घातलं. सूर आणखी खाली गेला. कुंडी तुडुंब भरली, पाणी लोकांच्या पायांपर्यंत वाहत गेलं, तरी सूर उतरतच होता.

"थांब, क्लिप सैल असेल." ती वायर चाचपत कुंडीमागे वाकली.

दोन्ही क्लिपा तिथे नुसत्याच लोंबत होत्या. सकाळच्या घाईत मी त्या नव्या झाडाला लावल्याच नव्हत्या.

तिने वर पाहिलं.

"मामा, मग पाणी कोण मागतंय?"