प्रात्यक्षिकापुरती जॅकेटं

पुरात माणसं कशी वाचवायची, याचं गावकऱ्यांसाठीचं प्रशिक्षण संपवून अण्णा हात हलवत घरी आले.

"अहो, ते नारिंगी लाइफ जॅकेट मिळणार होतं ना?" आईनं विचारलं.

"मिळालं की! नदीवर प्रात्यक्षिक झालं, फोटो झाला, मग साहेबांनी सगळी परत घेतली. पुढच्या गावालाही तीच." अण्णा हसले. त्या संध्याकाळी आम्ही मक्याची कणसं भाजून खाल्ली आणि त्यांनी मला दोराची गाठ मारायला शिकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीचं पाणी खालच्या आळीत शिरलं. नुसता दोर घेऊन अण्णांनी दोन म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. तिसऱ्या खेपेला गेले, ते परतलेच नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नदीपुढं कुणाचं चालतं?" आईचा जीव आणखी जळायला नको, म्हणून मी मान डोलवायचे.

आज शाळेच्या पटांगणात त्याच साहेबांनी आईला शाल-नारळ दिला. "असा निधड्या छातीचा माणूस! भीती ठाऊकच नव्हती," असं म्हणून त्यांनी माईक माझ्याकडे दिला. "ताई, दोन शब्द बोला."

"भीती त्यांना ठाऊक होती, साहेब," मी म्हणाले. "म्हणून तर पाण्यात उतरण्याआधी त्यांनी तुम्हाला फोन करून एक जॅकेट मागितलं. तुम्ही म्हणालात, परवा मंत्र्यांसमोर प्रात्यक्षिक आहे, चिखलानं खराब होतील. फोन स्पीकरवर होता. मी अण्णांच्या शेजारी उभी होते."