भोंग्यातली शांतता

जॉर्डनच्या वाळवंटात, वादी रमच्या पर्यटकांच्या तंबूत दैफल्लाहने वीस वर्षं खलबत्त्यात कॉफी कुटली. अम्मानहून आलेल्या नव्या मालकाने, मितेबने, त्याचा ठोका दोन तासांत रेकॉर्ड केला आणि तिसऱ्या तासाला त्याला घरी बसवलं.

"काका, रबाब, बासरी, वारा आणि तुमचा ठोका, सगळं पेटीत भरलंय. परदेशी पाहुण्यांना वाळवंटाचा फील पाहिजे. कॉफीला मशीन आहे. तुम्ही काय, उंटांना वारा घालणार?"

"मालक, तो ठोका बाहेर वाजवू नका. तो ऐकला की..."

"आता संगीतही तुम्हीच शिकवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कड्यावरच्या भोंग्यांतून 'वाळवंटाची शांतता' नावाचं ते रेकॉर्डिंग दणाणू लागलं. दुपारपर्यंत दारात सोळा गाड्या आणि तीन उंट उभे राहिले. ठोका म्हणजे कॉफीचं आमंत्रण, आणि आलेल्याला कॉफीशिवाय परत पाठवणं म्हणजे सात पिढ्यांची बेअब्रू. आसपासच्या वाळवंटी टोळ्यांतले साठ बदू परदेशी पाहुण्यांच्या गाद्यांवर ऐसपैस बसले. त्यांच्या म्हाताऱ्या शेखने मशीनची कॉफी तोंडात घेतली आणि वाळूत थुंकली.

"सकाळपासून बोलावतोयस, आणि हे पाजतोस? कुटणारा मेला काय तुझा?"

मितेबने गर्दीवर नजर फिरवली. एवढ्यात त्याला पहिल्याच रांगेत दैफल्लाह दिसला.

"काका, इज्जत वाचवा! उठा, कॉफी करा!"



दैफल्लाहने मांडी आणखी पसरली आणि रिकामा पेला पुढे केला. "मी कशाला उठू? मीपण ठोका ऐकूनच आलोय."